एमडी-पीएचडीला कुठे कुठे अर्ज करू? यादी काही केल्या कमी होत नाहीये

पिपेटवाली

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मी शाळेत असताना आईबाबांबरोबर अमेरिकेत आले, पुढचं शिक्षण सगळं इकडेच, ग्रीन कार्ड आहे. बायोकेमिस्ट्रीत डिग्री झाली, सध्या एका लॅबमध्ये रिसर्च टेक्निशियन आहे आणि पुढच्या मे-जूनमध्ये एमडी-पीएचडीसाठी (एमडी म्हणजे इकडची डॉक्टरकीची डिग्री, आणि जोडीला पीएचडी) ॲमकास, म्हणजे मेडिकल स्कूलचा सामायिक अर्ज, भरायचंय. "कशाला इतकी वर्षं घालवतेस, नुसती डॉक्टर हो की" हे घरी रोज जेवताना ऐकते, त्यामुळे ते इथे नको प्लीज :)

एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) 514, जीपीए 3.78. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून रिसर्च करतेय, एका पेपरात मधेच कुठेतरी नाव आहे. रस आहे मायक्रोग्लियामध्ये, म्हणजे मेंदूतल्या त्या साफसफाई करणाऱ्या पेशी, आणि अल्झायमर्समध्ये त्यांचं नक्की काय बिनसतं यात.

अडचण अशी की एक्सेलमध्ये यादी करायला घेतली ती तिशीच्या पुढे गेली. रँकिंगप्रमाणे लावली, मग एमएसटीपी (सरकारी ट्रेनिंग ग्रँट असलेला प्रोग्राम) आहे का नाही हा कॉलम केला, मग जागा किती, मग हवामान (हसू नका), आणि आता कॉलम इतके झालेत की काहीच ठरत नाहीये. जिला विचारावं ती वेगळंच सांगते. एक मैत्रीण म्हणते फक्त टॉपच्या दहा ठिकाणी टाक, नाहीतर एवढी वर्षं घालवण्यात अर्थ नाही, दुसरी म्हणते जिथे मिळेल तिथे जायचं, फुकट शिक्षण आहे. माझे प्रश्न: किती ठिकाणी टाकायचं? एमएसटीपी नसलेले प्रोग्राम सोडून द्यायचे का? आणि आधी लॅब बघायची का आधी शाळा (मेडिकल स्कूल)?

अर्धवट_वैद्य

मी सध्या पीएचडीच्या वर्षांत आहे (एमडीची पहिली दोन झाली, म्हणून नाव तसं), तर माझं मत सांगतो.

रँकिंगचा कॉलम आधी डिलीट कर. ती मेडिकल स्कूलची रँकिंग आहे, तुझ्या पीएचडीशी तिचा संबंध फार थोडा, आणि जानेवारी 2023 मध्ये हार्वर्ड मेडिकल स्कूलने यू.एस. न्यूजला, म्हणजे ती रँकिंग काढणाऱ्यांना, आकडे देणं बंद केल्यावर पाठोपाठ स्टॅनफर्ड, कोलंबिया, पेन अशी बरीच मंडळी बाहेर पडली, त्यामुळे तिच्यात आता तसाही फारसा जीव राहिलेला नाही.

आता यादी उलट्या बाजूने कर. एनआयएच (रिसर्चला पैसे देणारी अमेरिकेची सरकारी संस्था) रिपोर्टर नावाची वेबसाइट आहे, फुकट आहे, लॉगिन पण लागत नाही. त्यात शोधायच्या चौकटीत मायक्रोग्लिया टाक, चालू ग्रँटच फक्त दाखव म्हण, आणि संस्थेप्रमाणे लाव. तासाभरात तुला कळेल कुठे या विषयावर खरोखर पैसा आणि माणसं आहेत. प्रत्येक ग्रँटवर संपायची तारीख असते ती नीट बघ. एखाद्या पीआयची (लॅबप्रमुखाची) एकुलती एक आर-01, म्हणजे एनआयएचची मुख्य रिसर्च ग्रँट, तू लॅब निवडशील त्याच वर्षी संपत असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं, कारण तू आत गेल्यावर दोन वर्षांनी लॅब निवडणार आहेस, आज नाही. आणि एक गंमत, तिथेच ग्रँटच्या प्रकारात एफ-30 निवड, ती फेलोशिप खास आपल्यासारख्या दुहेरी डिग्रीवाल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. कुठल्या शाळेतल्या पोरांना ती मिळतेय आणि कुणाच्या लॅबमध्ये मिळतेय हे दिसतं. ज्या पीआयच्या हाताखाली दोन-तीन जणांना एफ-30 मिळालीय त्याला एमडी-पीएचडीचं पोर म्हणजे काय प्रकरण असतं ते माहीत आहे. ज्याने आधी असा एकही विद्यार्थी घेतलेला नाही तो तू चौथ्या वर्षी वॉर्डात परत जायचं म्हणालीस की तोंड पाडून बसतो.

माझा नियम: तुझ्या आवडीच्या निदान पाच-सहा लॅब नसतील तर शाळा यादीतून बाद. पाच-सहा अशासाठी की एक पीआय दुसऱ्या युनिव्हर्सिटीत निघून जातो, एकाकडे पैसे नसतात, एकाकडे जागा नसते आणि एकाशी तुझं पटतच नाही.

तुझ्या विषयात बघायचं तर सेंट लुइसचं वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी डोळे झाकून ठेव, होल्ट्झमन, कोलोना असे या विषयातले मोठे संशोधक तिथे आहेत आणि प्रोग्रामही देशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी. हार्वर्ड, यूसीएसएफ, स्टॅनफर्ड, पेन, माउंट सायनाय ही तर सगळेच लिहितात. पण रॉचेस्टर बघितलंस का? मेंदूतला कचरा वाहून नेणारी ग्लिम्फॅटिक सिस्टीम 2012 मध्ये नेडरगार्ड बाईंच्या लॅबने पुढे आणली ती तिथलीच. यूसी अर्व्हाइन, इंडियाना, यूमास चॅन, ही नावं रँकिंगने लावलेल्या एक्सेलमध्ये खाली ढकलली गेली असणार, पण मायक्रोग्लिया आणि अल्झायमर्स म्हटलं की तिथे काम दणकून चालतं.

नाना_न्यूजर्सी

मुलांनो, विषयांतराबद्दल माफ करा. माझ्या पुतण्याचं पुण्यात एमबीबीएस होत आलंय आणि तो हेच एमडी-पीएचडी अमेरिकेत करायचं म्हणतोय. फुकट असतं म्हणे. खरं का?

खडूस_रिव्ह्यूअर

नाना, पुतण्याचा रस्ता वेगळा आहे. हा प्रोग्राम म्हणजे कॉलेजनंतर मेडिकल डिग्री आणि पीएचडी दोन्ही एकत्र. त्याच्याकडे मेडिकल डिग्री असणारच आहे, ती परत घेण्यात अर्थ नाही आणि बहुतेक शाळा देणारही नाहीत. त्याने एकतर सरळ पीएचडीला अर्ज करावा, किंवा यूएसएमएलई (इकडची डॉक्टरकीची परीक्षा) देऊन, ईसीएफएमजीचं (बाहेरच्या डॉक्टरांना लागणारं) सर्टिफिकेट घेऊन रेसिडेन्सीला (डिग्रीनंतरच्या हॉस्पिटलमधल्या ट्रेनिंगला) यावं आणि रिसर्च ट्रॅक असलेली रेसिडेन्सी शोधावी. फुकटचं म्हणाल तर एनआयएचचे टी-32 ट्रेनिंग ग्रँटचे पैसे फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळतात. व्हिसावरच्या मुलांना काही मोजक्या शाळा स्वतःच्या खिशातून घेतात, बाकीच्या अर्ज उघडतही नाहीत.

आता पिपेटवाली. मी एका प्रोग्रामसाठी इंटरव्ह्यू घेतो, कुठल्या ते विचारू नये. वरच्या वैद्यबुवांचं बरंचसं बरोबर आहे.

तुझे आकडे. प्रवेश मिळालेल्यांची एमकॅटची सरासरी साधारण 516 च्या आसपास असते, जीपीए 3.8 च्या. म्हणजे तू सरासरीच्या थोडी खाली आहेस, पण दाराबाहेर अजिबात नाहीस. फक्त टॉप दहा हा सल्ला मात्र तुझ्यासाठी चुकीचा, आणि खरं म्हणजे कुणासाठीही चुकीचाच. देशभरात दरवर्षी 1,800 ते 2,000 च्या घरात मुलं अर्ज करतात आणि 700-800 च्या आसपास आत जातात, नुसत्या एमडीच्या मानाने हे प्रमाण वाईट नाही, पण ही मुलं आधीच गाळून आलेली असतात हे विसरू नकोस. आमच्याकडे फाइल आली की मी आकडे एकदा बघतो आणि मग पीआयचं पत्र दोनदा वाचतो. "मेहनती, वेळेवर येते" असलं पत्र आलं तर 522 वालाही बसतो घरी. "हिने माझ्या एक्सपेरिमेंटमधला कंट्रोल चुकीचा आहे हे दाखवून दिलं" असं एक वाक्य असलं की मी लगेच इंटरव्ह्यूला बोलवा म्हणतो.

एमएसटीपीचं. एमडी-पीएचडीची सुरुवात 1956 साली क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्नने केली, आणि एनआयएचने 1964 पासून त्याला ग्रँट द्यायला सुरुवात केली तो एमएसटीपी. आज पन्नासच्या वर प्रोग्रामना ती ग्रँट आहे. तिचा अर्थ इतकाच की बाहेरच्या लोकांनी येऊन प्रोग्राम तपासलाय, मुलं वेळेत बाहेर पडतात का, मधेच सोडून किती जातात, पुढे रिसर्चमध्ये टिकतात का. हे चांगलंच आहे. पण ग्रँट नसलेल्यांतही पूर्ण ट्युशन माफ आणि स्टायपेंड देणारे चांगले प्रोग्राम आहेत, आणि काही असेही आहेत की एमडीच्या वर्षांची फी अर्धीच माफ किंवा फक्त पीएचडीच्या वर्षांत पैसे. म्हणून सगळे एमएसटीपी नसलेले काढू नकोस, त्यांना ईमेल टाकून विचार: आठही वर्षांची ट्युशन आणि स्टायपेंड प्रवेशपत्रात लिहून देता का, आणि पीएचडीच्या वर्षांत स्टायपेंड पीआयच्या ग्रँटमधून येतो का, आणि ती ग्रँट आटली तर प्रोग्राम उचलतो का. गोल गोल उत्तर आलं की यादीतून काढ.

हे शेवटचं आता एमएसटीपींनाही विचारायला लागतं. फेब्रुवारी 2025 मध्ये एनआयएचने युनिव्हर्सिट्यांना मिळणाऱ्या वरखर्चावर 15 टक्क्यांची मर्यादा घालायचं जाहीर केलं, कोर्टाने ते अडवलं, पण त्या वर्षी डीन लोकांच्या तोंडचं पाणी पळालं आणि काही ठिकाणी पीएचडीच्या जागा कमी झाल्या. यंदा किती जणांना घेणार हे थेट विचारायला लाजू नकोस, वेबसाइटवरचा आकडा जुना असू शकतो.

किती ठिकाणी: 15 ते 20. त्यापेक्षा जास्त केलंस तर सेकंडरी निबंध (प्रत्येक शाळा नंतर वेगळे मागते ते) कॉपी-पेस्ट व्हायला लागतात आणि ते आम्हाला वास आल्यासारखं कळतं. दुसऱ्या शाळेचं नाव तसंच राहिलेले निबंधसुद्धा येतात दरवर्षी.

दोन_कोट

मी या सगळ्यातून बाहेर पडले, आता रेसिडेन्सीत आहे, त्यामुळे नाइट ड्यूटीवरून लिहितेय, चुका पोटात घाला.

अर्धवट_वैद्य यांच्या पाच-सहा लॅबच्या नियमाला माझा थोडा विरोध आहे. नियम वाईट नाही, पण तो आजच्या आवडीवर बेतलेला आहे. मी कॅन्सरची आवड घेऊन गेले आणि पीएचडी केली फुप्फुसातल्या फायब्रोसिसवर, कारण रोटेशनमध्ये (लॅब निवडायच्या आधी थोडे दिवस काम करून बघतात त्यात) भेटलेली पीआय बाई भन्नाट होती. आमच्या बॅचमधल्या निम्म्याहून जास्त जणांनी निबंधात लिहिलेला विषय सोडला. तर मायक्रोग्लियाच्या लॅब मोज, पण त्याच्या शेजारचं पण बघ, इम्युनॉलॉजी कसं आहे, न्यूरोचा पीएचडी विभाग एकूण केवढा आहे, कॉम्प्युटेशनलला कुणी आहे का. एखाद्या ठिकाणी दोनच मायक्रोग्लिया लॅब असतील पण इम्युनॉलॉजी जबरदस्त असेल तर मी ते ठेवीन.

आणि ज्याच्याबद्दल अजून कुणी बोललं नाही ते म्हणजे सांधे. हा प्रोग्राम साधारण आठ वर्षं चालतो, दोन एमडीची, चार-पाच पीएचडीची, मग परत दोन एमडीची, आणि माणूस मोडतो तो यांच्या मधल्या जोडावर. पीएचडी संपवून वॉर्डात परत गेलात की तुमच्याबरोबर सुरू केलेले लोक तोवर रेसिडेंट होऊन तुम्हाला ऑर्डर देत असतात आणि तुम्हाला स्टेथोस्कोप कुठल्या खणात ठेवलाय तेही आठवत नाही. चांगले प्रोग्राम यासाठी काहीतरी करतात. पीएचडीच्या वर्षांत महिन्यातून एखादा अर्धा दिवस क्लिनिक, परत जायच्या आधी काही आठवड्यांचा उजळणी कोर्स, आणि एक ठरलेला माणूस की जो थीसिसची तारीख आणि वॉर्डातल्या रोटेशनची तारीख जुळवून देतो. वाईट प्रोग्राममध्ये तुम्हाला सांगतात, रजिस्ट्रारला ईमेल करा. मी जिथे होते तिथे याच कारणावरून एकाचं जवळजवळ वर्ष फुकट गेलं, थीसिस मार्चमध्ये संपला आणि वॉर्डात घ्यायला कुणी तयार नाही.

अभ्यासक्रमाची रचना पण बघ. ड्यूकमध्ये वर्गातलं शिक्षण एका वर्षात उरकतात आणि दुसऱ्या वर्षी वॉर्ड, म्हणजे तू पेशंट बघूनच लॅबमध्ये जातेस. काहींना हे आवडतं, कारण प्रश्न कुठला महत्त्वाचा ते कळतं, काहींना वाटतं की चार वर्षांत ते सगळं विसरणार मग काय उपयोग. स्टेप 1 (यूएसएमएलईचा पहिला टप्पा) जानेवारी 2022 पासून नुसती पास-नापास झाल्यामुळे ती पीएचडीच्या आधी द्यायची का नंतर याचा पूर्वीइतका ताण राहिला नाही.

इंटरव्ह्यूला गेलीस (किंवा झूमवर असलीस) की पहिल्या वर्षाच्या पोरांशी गप्पा मारून खूश होऊ नकोस, ती हनिमूनमध्ये असतात. पीएचडीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षातला कुणीतरी भेटवा म्हण. प्रोग्रामने असा माणूस समोर आणलाच नाही तर त्याचाही अर्थ काढ. त्याला विचार, डायरेक्टरला शेवटचं कधी भेटलास? आणि मधेच सोडून गेलेल्यांचं काय झालं, त्यांना एमडी पूर्ण करता आलं का, पैसे परत मागितले का?

अर्धवट_वैद्य

दोन_कोट यांचं मान्य. आवड बदलते, माझीही थोडी सरकलीय. तरीपण सुरुवातीची गाळणी म्हणून लॅब मोजणं बरं, तिशीवरून वीसवर यायला काहीतरी हवंच ना. आणि डायरेक्टरच्या भेटीचा प्रश्न एकदम सही. आमचे डायरेक्टर वर्षातून दोनदा प्रत्येकाशी एकट्याने बसतात, मी हे नॉर्मल समजत होतो, बाकीच्या ठिकाणच्या मित्रांकडून कळलं की नाही.

पिपेटवाली

बापरे, इतकं सगळं! सगळ्यांना मनापासून थँक्यू. काल रात्री रिपोर्टरवर बसले ते दीड वाजला. यादी आता बावीसवर आलीय. हवामानाचा कॉलम उडवला, त्यामुळे मिनेसोटा आणि रॉचेस्टर परत आत आले. नाना, पुतण्याला बेस्ट लक.

अजून थोडं विचारते. टेक्सासची ॲप्लिकेशन सिस्टीम वेगळी आहे म्हणे, त्याचं काय करायचं? पिट्सबर्ग आणि न्यूयॉर्कचं ते तीन संस्थांचं, असे जोड-प्रोग्राम जास्त अवघड असतात का? आणि एमडी-पीएचडीत नाही झालं तर त्याच शाळेत नुसत्या एमडीसाठी विचार करतात का? आईला हे शेवटचं उत्तर हवंय :)

खडूस_रिव्ह्यूअर

टेक्सासच्या सरकारी शाळांचं टीएमडीएसएएस हे वेगळं पोर्टल आहे, पण एमडी-पीएचडीवाल्यांना कुठल्या पोर्टलवरून यायचं हे शाळेगणिक वेगळं असतं, प्रत्येक प्रोग्रामच्या पानावर जाऊन बघ आणि एकाच पोर्टलने काम होत असेल तर दुसऱ्याच्या नादी लागू नकोस.

जोड-प्रोग्रामांचा फायदा एकच, पीएचडीसाठी अंगण मोठं मिळतं. न्यूयॉर्कमध्ये वाइल कॉर्नेल, रॉकफेलर आणि स्लोन केटरिंग, पिट्सबर्गमध्ये कार्नेगी मेलन जोडीला, यूसीएलएबरोबर कॅलटेक. पण जोडीदाराकडे तुझ्या विषयाचं काही नसेल तर त्या नावाचा तुला उपयोग शून्य. कार्नेगी मेलनचा फायदा कॉम्प्युटेशनल करणाऱ्याला. तू पिपेटवाली, तेव्हा तू पिट ठेवावंस ते पिटच्या न्यूरो आणि इम्युनॉलॉजीसाठी.

आईंच्या प्रश्नाचं उत्तर: काही शाळा एमडी-पीएचडीतून नाकारलेली फाइल आपोआप एमडीकडे पाठवतात, काही तुला विचारतात, काही दोन्ही दारं एकदम बंद करतात. हा कॉलम मात्र एक्सेलमध्ये हवाच. पण एमडीला हो म्हणायच्या आधी स्वतःला विचार की चालेल का, कारण तेव्हा फी तुझ्या डोक्यावर. अर्थात रिसर्च नुसत्या एमडीनंतरही करता येतो, असंख्य लोक करतात. क्लीव्हलंड क्लिनिकचं लर्नर कॉलेज आहे, पाच वर्षांचं, रिसर्चवर भर आणि सगळ्यांची ट्युशन माफ, ते यादीत घालायला हरकत नाही. शिवाय पुढे रिसर्च करत राहिलीस तर एनआयएचचा कर्जफेडीचा प्रोग्राम वर्षाला 50,000 डॉलरपर्यंत कर्ज फेडतो. हे आईंना दाखव.

दोन_कोट

आणि खर्चाचं कुणी बोललं नाही म्हणून. प्रत्येक शाळेमागे ॲमकासची फी, वर सेकंडरीची फी, वीस ठिकाणी म्हटलं की चांगलाच आकडा होतो. टेक्निशियनच्या पगारात जड जाईल. एएएमसीचा (ॲमकास चालवणाऱ्या संस्थेचा) फी माफीचा प्रोग्राम आहे, घरचं उत्पन्न बघतात, बसलात तर वीस शाळांपर्यंत ॲमकासची फी नाही आणि एमकॅटची पण कमी होते, आणि बऱ्याच शाळा मग सेकंडरीची फीही सोडतात. फक्त ती माफी ॲमकास सबमिट करायच्या आधी मंजूर व्हायला लागते, नंतर पैसे परत मिळत नाहीत. एकदा आईबाबांबरोबर बसून बघ.

निबंध आत्ताच सुरू कर. नेहमीच्या निबंधाशिवाय आपल्याला दोन जास्तीचे असतात, एक 3,000 अक्षरांचा, दोन्ही डिग्र्या का, आणि दुसरा 10,000 अक्षरांचा रिसर्चवर. दुसरा लिहिताना पोरं प्रोटोकॉल लिहून ठेवतात, अमुक मिलिलिटर, तमुक अँटिबॉडी. ते नको. प्रश्न काय होता, तू स्वतः काय ठरवलंस, चुकलं तेव्हा पुढे काय केलंस, ते लिही. मधल्या नावाचा पेपर असला तरी चालतं, त्यातलं तुझं चित्र कुठलं आणि ते तसंच का काढलं हे सांगता आलं पाहिजे.

अर्धवट_वैद्य

बावीसवरून अजून खाली यायचं असेल तर एक कर, प्रत्येक नावापुढे एकाच वाक्यात लिही की तिथे का, शाळेचं कौतुक न करता. "अमक्याची लॅब टीआरईएम-2 (मायक्रोग्लियातलं एक जीन) वर काम करते आणि मला तेच उंदीर वापरायचेत" हे चालेल, "उत्कृष्ट वातावरण" हे नाही. वाक्य सुचलं नाही तर नाव उडव. जी वाक्यं उरतील त्यांच्यावर सेकंडरी निबंध अर्धे लिहून होतात, जुलैमध्ये पंधरा सेकंडरी एकदम येऊन आदळतील तेव्हा कळेल.

पिपेटवाली

करून बघितलं. सहा नावांपुढे काहीच लिहिता आलं नाही, त्यातली तीन टॉप दहातली होती. सोळा उरली. लर्नर धरून सतरा. पीआयला पत्राबद्दल उद्या विचारणार आहे, कंट्रोलवरून त्याच्याशी वाद तर मी घालतेच, बघू तो काय लिहितो.

खडूस_रिव्ह्यूअर

"मला पत्र द्याल का" असं नको विचारूस. "जोरदार पत्र देऊ शकाल का" असं विचार, आणि तो जरा जरी घुटमळला तर दुसरा माणूस शोध.